थोडा रंग उरू द्यायचा

माझा नवरा गेला तेव्हा त्याची एक बॅच अर्धवट राहिली होती.

बॅच कसली, ते आधी सांगते. धातूच्या तुकड्यावर कधी कधी अशी बारीक चीर असते की ती नुसत्या डोळ्याला दिसत नाही. ती शोधायची एक साधी रीत आहे. तुकडा स्वच्छ करायचा, त्यावर पातळ लाल द्रव लावायचा आणि तो चिरेत शिरेपर्यंत थांबायचं. मग वरचा रंग पुसून काढायचा आणि पांढऱ्या भुकटीचा विरळ थर फवारायचा. चिरेत लपून राहिलेला रंग त्या पांढऱ्यावर वर येतो आणि चीर जिथे असेल तिथे लाल रेघ उमटते. कारखान्यात हिला डीपी, म्हणजे डाय पेनिट्रंट टेस्ट म्हणतात. टाक्यांचे, पाइपांचे जोड, बॉयलर, चलथाणकडच्या साखर कारखान्यातल्या रोलरचे शाफ्ट, सगळीकडे ती लागते. ही तपासणी करणारी माणसं तयार करायचं काम माझा नवरा सुरतेला बमरोलीतल्या एका भाड्याच्या शेडमध्ये करत असे. मी एका मराठी शाळेत विज्ञान शिकवायचे आणि रविवारी त्याच्या वर्गाला थिअरी. द्रव बारीक फटीत आपोआप का चढतो, तो परत बाहेर का येतो, हे सांगणं माझं काम. परीक्षा मीही दिलेली होती, पास झाले होते, पण प्रात्यक्षिक नेहमी त्यानेच घेतलं. मी फळ्यापाशी आणि तो बाकापाशी, अशी आमची वाटणी होती.

त्याचे दिवस झाल्यावर एका संध्याकाळी सगळी बॅच डिंडोलीला आमच्या घरी आली. चपला दाराबाहेर काढून सगळे सतरंजीवर गुडघे जवळ घेऊन बसले. शेवटी त्यांच्यातले सगळ्यात मोठे, ज्यांना सगळे काका म्हणत, ते घसा खाकरून म्हणाले, "ताई, सर गेले. आम्ही काय बोलणार? पण परीक्षा..."

शेजारच्या वेल्डर पोराने त्यांना कोपराने ढोसलं. "काका, चहा तरी पिऊ द्या त्यांना."

"तू गप ऱ्हाय रे. तुन्हा हातमा वेल्डिंग शे. मन्हं काय?"

काकांचं काय, ते मला ठाऊक होतं. वीस वर्षं ते पांडेसऱ्याच्या डाइंग मिलमध्ये जेट मशीनवर होते. जेट म्हणजे मोठं बंद भांडं, त्यात दाबाखाली, उकळीच्याही वर तापलेल्या पाण्यात पॉलिस्टरचं कापड रंगतं. ती वाफ आणि केमिकलचा वास छातीत जाऊन बसला होता. डॉक्टरांनी सरळ सांगितलं होतं, मिल सोडा नाहीतर आणखी बिघडेल. त्यांच्या साडूने हजिऱ्याच्या बाजूला एका फॅब्रिकेशनच्या कारखान्यात शब्द टाकून ठेवला होता. तिथे तपासणीच्या खात्यात एक जागा होती, पण ती सर्टिफिकेट असलेल्यालाच मिळणार होती आणि ती या परीक्षेपर्यंतच थांबणार होती. काका एकदा नापास झालेले होते. या वेळी झाले तर पुन्हा जेटवर जाणं एवढंच उरत होतं.

बडोद्याहून परीक्षक येणार होते. तारीख ठरलेली होती. "दुसऱ्या कुठल्या वर्गात जा," असं मी म्हणू शकले असते.

त्या दिवसांत मला वाचता येत नव्हतं. जन्मभर पुस्तकांवर जगलेल्या माणसाला याहून वाईट काही होत नसावं. पुस्तक उघडायचे, एक पान डोळ्यांखालून जायचं आणि पाटी कोरीच. घरात ती शांतता अंगावर यायची. मी त्यांना म्हटलं, "रविवारी या. शेड उघडते." ते धैर्याने म्हटलं नव्हतं. रविवार कसा काढायचा, हा माझाही प्रश्न होता.

शेडमध्ये तेलाचा, केरोसिनसारखा एक वास होता आणि तो त्याचाही वास होता. मी खिडक्या उघडल्या. सगळे बाकांभोवती उभे राहिले, वेल्डिंगचा जोड असलेल्या लोखंडी प्लेटा मांडल्या, लाल रंग लावला, आणि पहिल्याच पुसण्यात गोंधळ झाला. वेल्डर पोराने मोठ्या हौसेने शेडमालकाच्या कापडाच्या गोदामातून चिंधीचं एक पोतं आणलं होतं. साड्यांच्या कडा, ब्लाउजपीसचे तुकडे, चमकणारं, गुळगुळीत कापड. त्याने प्लेट पुसली आणि रंग निघायच्या ऐवजी सगळीकडे पसरला. प्लेट लाल, बाक लाल, पोरगा लाल.

"अरे, हे काय शोषतंय का?" काका ओरडले. "हे पॉलिस्टर आहे. याच्यात रंग घुसवायला आम्ही प्रेशर लावतो, आणि तू याने रंग पुसतोस?"

"मग काय आणू? सुरतमध्ये दुसरं मिळतं काय?"

खरंच होतं ते. ज्या शहरातून देशभर कापड जातं, तिथे पुसायला सुती फडकं मिळेना. उधन्याच्या दुकानात सुताचे गुंते मिळाले, पण त्यांचे धागे प्लेटवर चिकटून राहायचे आणि मग पांढऱ्या थरात प्रत्येक धाग्याची एक खोटी चीर दिसायची. माझा नवरा फडकी कुठून आणायचा, हे मला कधी विचारायचं सुचलंच नव्हतं.

घरी कपाटाच्या खालच्या खणात त्याचे पंचे होते. धुळ्याहून आणलेले, कित्येक वर्षं धुऊन मऊ झालेले. गेलेल्या माणसाचे कपडे घरात ठेवू नयेत म्हणून बाकीचे मी देऊन टाकले होते, पण पंचे कोणाला द्यायचे? मी कात्री घेतली आणि हातभर लांबीचे तुकडे कापत गेले. रडले नाही. नवीन सुती कापडाला खळ असते, याला नव्हती. धागा सुटत नव्हता, पाण्याचा थेंब टाकला तर तो लगेच आत जात होता. याहून चांगलं फडकं मिळणार नाही, असं मनात आलं आणि मी उरलेलेही कापून टाकले.

फडकं सुधारलं, पण काकांचा हात सुधारेना.

पुसण्यातच या तपासणीची सगळी मेख आहे. आधी कोरड्या फडक्याने पुसायचं, मग फडक्यावर रंग विरघळवणारा क्लीनर किंचित घेऊन हलकेच, एकाच दिशेने. क्लीनर प्लेटवर सरळ मारायचा नाही. आणि प्लेट अगदी कोरीकरकरीत करायची नाही. थोडा फिकट गुलाबी रंग उरला पाहिजे. तो उरला म्हणजे चिरेतला रंग जागेवर आहे असं समजायचं. सगळं धुऊन काढलं तर चिरेतला रंगही जातो आणि मग पांढऱ्या थरावर काहीच उमटत नाही. चीर आहे तिथेच असते, पण प्लेट निर्दोष दिसते.

काका एकेक प्लेट अशी पुसत की तिच्यात तोंड पाहावं. मग पांढरा थर मारत आणि वाट पाहत बसत. काहीच येत नसे. बाकीच्यांच्या प्लेटवर लाल रेघा उमटायच्या, आरडाओरडा व्हायचा, आणि काकांची प्लेट पांढरी.

"काका, ही प्लेट आता वाढप्याला द्या," वेल्डर म्हणाला. "पंगतीत चालेल."

"काब्र हासस रे? तुन्ही प्लेट डुकरे चाटी गयात."

मी त्यांना नाना तऱ्हांनी सांगितलं. काचेच्या बारीक नळ्या आणून त्यांत लाल पाणी चढवून दाखवलं. फळ्यावर चिरेची आकृती काढली. ते मान डोलवायचे, सगळं बरोबर सांगायचे, आणि फडकं हातात आलं की पुन्हा घासायला लागायचे.

"हात थांबस नही, ताई," एकदा ते अगदी कळवळून म्हणाले. "वीस वर्षं एकच ऐकलं. रंग सुटला नाही पाहिजे, पाणी कोरं निघेपर्यंत धुवा. एकदा धुलाई कमी झाली होती. पार्टीने सगळा माल परत पाठवला, डाइंग मास्तरने सगळ्यांसमोर आई-बाप काढला. आता तुम्ही सांगता, थोडा रंग राहू द्या. डोक्याला कळतं. पण गुलाबी दिसलं की वाटतं, मास्तर मागे उभा आहे."

त्यांचं म्हणणं मला नीट कळलं. त्यांना काही नवीन शिकवायचंच नव्हतं. जे त्यांना उत्तम येत होतं, नेमकं तेच इथे आड येत होतं. आणि त्यावर काय उपाय, ते मला माहीत नव्हतं. शेडमधल्या कपाटात नवऱ्याची पुस्तकं होती, ती मी घरी आणून चाळली. पुस्तकात लिहिलं होतं, अति पुसणे टाळावे. एवढंच.

त्याच आठवड्यात माझी नणंद धुळ्याहून आली. मी दार उघडलं आणि तिची नजर माझ्या हातांवर गेली. रबरी हातमोजे होते, पण ते त्याच्या मापाचे, माझ्या हातात सैल. रंग आत जायचा. बोटांची टोकं आणि नखांच्या कडा लालभडक झाल्या होत्या.

"वहिनी, हे काय? मेंदी लावलीस?"

"मेंदी नाही. पेनिट्रंट आहे."

"लोकांना कोण सांगणार ते? वर्ष व्हायचं आहे अजून. खालच्या मजल्यावरची बाई बघत होती तुझ्या हातांकडे, मी पाहिलं."

मी आत वळले. चहा केला. ती पुन्हा म्हणाली, "दादा असता तर..." आणि थांबली. मग हळूच म्हणाली, "त्याचेही असेच असायचे ना हात? राखी बांधताना मी ओरडायची, आंघोळ करून आला नाहीस का म्हणून."

"रविवारी चल," मी म्हटलं.

त्या रविवारी मी ठरवलं होतं की नवरा करायचा तसा ठोकळा करायचा. प्रात्यक्षिकासाठी तो एक ॲल्युमिनियमचा ठोकळा तयार करत असे. ठोकळा भरपूर तापवायचा आणि एकदम थंड पाण्यात टाकायचा. धातू आक्रसतो आणि अंगभर बारीक चिरा पडतात. मग मधोमध एक खाच पाडायची, म्हणजे एकाच ठोकळ्याचे दोन सारखे भाग होतात. एका भागावर एका तऱ्हेने तपासणी करायची, दुसऱ्यावर दुसऱ्या तऱ्हेने, आणि दोन्ही शेजारी ठेवून बघायचं. जुना ठोकळा वापरून वापरून निकामी झाला होता, चिरा रंगाने बुजल्या होत्या. नवा करताना मी त्याला पाहिलं होतं, पण दुरून. मी नेहमी दुरूनच पाहत असे, हातात पुस्तक धरून.

बर्नर पेटला. ठोकळ्यावर मी तापमान दाखवणाऱ्या खडूने रेघ मारली. ठरलेल्या तापमानाला ही रेघ वितळते. सगळे भोवती. नणंद पदर तोंडाला लावून दाराशी. ज्वाळेचा आवाज भरून राहिला आणि मी त्या रेघेवरची नजर हलवत नव्हते. जरा जास्त तापलं तर ठोकळा ओघळेल, कमी तापलं तर चिरा पडणार नाहीत. कित्येक दिवसांनी मला कशाची तरी घाई झाली होती.

रेघ चमकली आणि ओली झाली.

"आता!" मी ओरडले. वेल्डरने सांडशीने ठोकळा उचलला आणि बादलीत टाकला. छर्रर्र आवाज झाला, वाफ छतापर्यंत गेली, आणि वाफेतून काकांचा खोकला ऐकू आला.

"काका, बाहेर जा," मी म्हटलं.

"नही, नही. बघू द्या."

ठोकळा बाहेर काढला. वरून काहीच दिसत नव्हतं. वेल्डर नाराज झाला. "मॅडम, फेल. हा तर जसाच्या तसा आहे."

"खाच पाड," मी म्हटलं.

खाच पाडून, साफ करून, सुकवून मी तो काकांसमोर ठेवला. दोन्ही भागांवर रंग लावायला सांगितला. दहा मिनिटं झाल्यावर म्हटलं, "आता हा डावा भाग तुमच्या मास्तरला दाखवायचा आहे. तुमच्या मनासारखा पुसा. पाणी कोरं निघेपर्यंत."

काका चपापून बघायला लागले.

"खरंच सांगते. पोटभर पुसा."

त्यांनी पुसला. क्लीनर मारून, घासून, लख्ख केला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा कोणी त्यांना अडवलं नव्हतं, त्यांचा चेहरा खुलला होता. मग मी म्हटलं, "उजवा मी पुसते. तुम्ही फक्त बघा." कोरडं फडकं, मग किंचित ओलं, एका दिशेने. फिकट गुलाबी झाक उरली तिथे मी हात काढून घेतला. काकांचा हात आपोआप पुढे आला. "ताई, अजून शे थोडा..." मी त्यांच्या हातावर चापट मारली. सगळे हसले.

मग दोन्ही भागांवर पांढरा थर. आणि वाट पाहणं.

आधी उजवीकडे एक ठिपका आला. मग त्याच्याशेजारी दुसरा. मग ते एकमेकांना मिळाले आणि बघता बघता सगळ्या उजव्या भागावर लाल रेघांचं जाळं पसरलं, सुकलेल्या तळ्याच्या गाळासारखं. पोरं ओरडायला लागली. नणंद दारातून आत आली आणि माझा दंड धरून "अगं बाई, अगं बाई" करत राहिली. मीही ओरडत होते, ते मला आवाज बसल्यावर कळलं. आमच्या घरात सुतक संपलं होतं, पण दुखवटा होता, आणि मी शेडमध्ये शाळकरी पोरीसारखी ओरडत होते.

काका मात्र ओरडत नव्हते. ते डाव्या भागाकडे बघत होते. तो पांढरा होता. एखादा पुसट डाग सोडला तर काहीच नव्हतं. खाचेच्या या बाजूला जाळं, त्या बाजूला कोरा कागद, आणि ठोकळा एकच.

"म्हणजे मी चिरा धुई टाक्यात?" ते म्हणाले. "सगळ्या? आतापर्यंतच्या सगळ्या प्लेटा?"

"चिरा तिथेच आहेत. तुम्ही फक्त त्यांची साक्ष पुसलीत."

ते खाली बसले. मग एकदम उठून ठोकळा साफ करायला लागले. "पुन्हा करू, ताई. आता दोन्ही बाजू मीच करतो." संध्याकाळपर्यंत त्यांनी तो तीनदा केला. तिसऱ्यांदा दोन्ही बाजूंना जाळं उमटलं, तेव्हा वेल्डरने त्यांना खांद्यावर उचलायचा प्रयत्न केला आणि दोघंही बाकावर कोसळले.

परतताना रिक्षात नणंद माझ्या लाल बोटांकडे बघत होती. घरी आल्यावर तिने माझ्या मापाचे हातमोजे कुठे मिळतात ते खालच्या दुकानात विचारून घेतलं. त्या विषयावर आम्ही पुन्हा बोललो नाही.

परीक्षेच्या दिवशी शेडमध्ये सकाळपासून उकडत होतं. परीक्षक बुटके, शांत, चष्मा कपाळावर सरकवलेले. लेखी परीक्षा आधी झाली. मग त्यांनी मला दाराजवळची खुर्ची दाखवली. "बेन, तमे त्यां बेसो. एक शब्दही बोलायचा नाही हं," शेवटचं त्यांनी मोडक्या मराठीत, हसून म्हटलं. प्रत्येकाला एकेक प्लेट आणि ठरावीक वेळ. प्लेटमध्ये कुठे काय दोष आहे ते फक्त त्यांना माहीत.

काकांचा नंबर आला. त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता, कॉलरचं बटण गळ्यापर्यंत लावलेलं. प्लेट साफ केली, सुकवली, रंग लावला, थांबले. सगळं बरोबर. मग फडकं उचललं. कोरडं पुसणं चांगलं झालं. मी खुर्चीची कड धरून बसले होते.

त्याच वेळी परीक्षक उठले आणि त्यांच्या मागे जाऊन उभे राहिले. ते फक्त बघत होते. पण मागे कोणीतरी उभं आहे, एवढं पुरेसं झालं. काकांनी क्लीनरचा डबा उचलला आणि सरळ प्लेटवर मारला. सर्रर्र. पाण्याची धार मारावी तसा. मग फडक्याने घासलं, पुन्हा मारला. प्लेट लख्ख झाली. दारापाशी वेल्डरने कपाळावर हात मारून घेतला. परीक्षकांनी कागदावर काहीतरी टिपलं.

माझ्या तोंडात शब्द आले होते. मी ते गिळले.

काकांनी पांढऱ्या भुकटीचा डबा हातात घेतला, हलवला. आतली गोळी खुळखुळ वाजली. त्यांनी डबा प्लेटवर धरला. आणि तसाच धरून ठेवला. फवारा मारला असता तर पांढरी, स्वच्छ, निर्दोष प्लेट तयार झाली असती. खाली लिहायचं, दोष नाही. सही. परीक्षा संपली असती.

त्यांनी डबा खाली ठेवला.

"साहेब," ते मागे वळून म्हणाले, "गलत हुआ. मैंने धो डाला. फिर से शुरू से करूँगा."

परीक्षकांनी घड्याळ पाहिलं. "टाइम वही रहेगा. बढ़ेगा नहीं."

"वही रहने दो."

त्यांनी प्लेट पुन्हा मुळापासून साफ केली. सुकवली. पुन्हा रंग. आता दहा मिनिटं थांबणं आलं, आणि ती कमी करता येत नाहीत. रंगाला शिरायला लागणारा वेळ माणसाच्या घाईवर ठरत नाही, हे मीच त्यांना शिकवलं होतं आणि आता माझाच जीव वर-खाली होत होता. वेल्डर दारातून खुणा करत होता, दोन बोटं दाखवून: दोन मिनिटं कमी करा, कोण बघतंय! काकांनी त्याच्याकडे पाठ केली. ते हात मागे बांधून प्लेटकडे बघत उभे राहिले. घामाने शर्ट पाठीला चिकटला होता.

वेळ झाली. कोरडं फडकं. मग किंचित ओलं. परीक्षक पुन्हा मागे येऊन उभे राहिले होते. काकांचा हात एका दिशेने गेला, परत उचलला, पुन्हा गेला. प्लेटवर फिकट गुलाबी झाक होती. हात पुन्हा वर आला, हवेत अडला, आणि काकांनी दुसऱ्या हाताने तो मनगटाशी धरून खाली आणला. खरोखर धरला, एखाद्या खोडकर पोराचा धरावा तसा.

मग पांढरा थर. विरळ, एकसारखा. वेळ सरत आली होती.

जोडाच्या कडेला काहीच नव्हतं. मी उभी राहिले होते, मला कोणी बसायला सांगितलं नाही. मग जोडाच्या मधोमध, अगदी केसासारखी, लाल रेघ उमटायला लागली. आधी अर्धी. मग तिचं टोक पुढे सरकलं.

"उनी!" काका म्हणाले. परीक्षेत बोलायचं नसतं हे विसरून. "उनी, उनी! दखा!"

"मोजा," परीक्षक म्हणाले.

त्यांनी पट्टी लावली, खूण केली, लांबी लिहिली, जागा लिहिली. शेवटचा आकडा लिहून पेन उचललं आणि परीक्षकांनी हात वर केला. वेळ संपली.

परीक्षकांनी बराच वेळ त्यांचा कागद वाचला. मग विचारलं, "पहली बार में तो प्लेट एकदम सफ़ेद थी. वही लिख देते. क्यों नहीं लिखा?"

काका गोंधळले. मला वाटलं, आता ते केशाकर्षण वगैरे काहीतरी चुकीचं बोलणार. पण ते म्हणाले, "साहेब, वो सफ़ेद मेरे कारण था. प्लेट के कारण नहीं."

परीक्षकांनी चष्मा डोळ्यांवर घेतला, त्यांच्याकडे एकदा नीट पाहिलं आणि पुढचा नंबर पुकारला.

संध्याकाळी निकाल सांगितला. दोघं नापास. काका पास. डबा सरळ मारल्याचे गुण गेले होते, पण पास. वेल्डरही पास झाला होता, आणि त्याचे गुण काकांपेक्षा बरेच जास्त होते, हे त्याने प्रत्येकाला सांगितलं. काका शेडच्या मागे जाऊन फोनवर बोलत होते. "मी पास व्हयनू वं! नही, खरंच. ताईले विचार." मग फोन माझ्या हातात देऊन स्वतः भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. पलीकडून त्यांची बायको म्हणत होती, "ताई, खरं सांगा, हा माणूस माझी थट्टा करतो." मी खरं असल्याचं तिला दोनदा सांगितलं.

डिंडोलीपर्यंत आम्ही एकाच शेअर रिक्षात निघालो. काका, मी, वेल्डर आणि दोन अनोळखी बाया. काका कडेला बसले होते. थोडं अंतर गेल्यावर ते वाकले, समोरच्या आडव्या दांड्याच्या जोडावरून अंगठा फिरवला, नख लावून पाहिलं, मग मोबाइलचा दिवा लावला.

"भाई," ते चालकाला म्हणाले, "ये जोड कब किया था?"

"क्या हुआ काका?"

"क्रैक लग रहा है."

"दो साल से ऐसा ही है. चल रहा है ना?"

"चल रहा है मतलब अच्छा है, ऐसा नहीं होता."

"काका, इधर उतरना है क्या?" चालकाने आरशातून बघत विचारलं. वेल्डर हसून हसून वाकला. बाया बाजूला सरकल्या. काकांना कोणाचंच काही नव्हतं. ते दिवा धरून त्या जोडावर वाकलेले, आणि मीही चष्मा पुसून पलीकडून वाकले. खड्ड्यात रिक्षा आपटली, दोघांची डोकी एकमेकांवर आदळली.

"ताई, तुमाले काय वाटस?" डोकं चोळत त्यांनी विचारलं.

मला वाटत होतं ते मी सांगितलं. नुसतं बघून सांगता येणार नाही. साफ करून, रंग लावून बघावं लागेल.

"तेच म्हणतो मी," काका म्हणाले, आणि चालकाच्या खांद्यावर थाप मारून त्यांनी त्याला रविवारी रिक्षा घेऊन शेडवर यायला सांगितलं.